कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर की दणकट एसयूव्ही?

प्रतिनिधी

पिंपरी : चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून दोन भिन्न प्रकृतीच्या गाड्या बाहेर पडतात. एक स्कोडाची कायलॅक, दुसरी महिंद्राची स्कॉर्पिओ-एन. विक्री दोन्हींची 'एसयूव्ही' म्हणूनच होते. प्रत्यक्षात पहिली ही उंच बांधणीची कार, अर्थात क्रॉसओव्हर आहे, तर दुसरी खडतर वाटेसाठी घडविलेली आहे. केवळ रूप पाहून निवड केल्यास त्याचा भुर्दंड अनेक वर्षे सोसावा लागतो.

सांगाडा
कायलॅकचा सांगाडा व कवच एकसंध, म्हणजे मोनोकॉक पद्धतीचे आहे. अशा बांधणीत वजन कमी राहते आणि इंधन वाचते. स्कॉर्पिओ-एनचे कवच शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बसविलेले आहे. खाचखळग्यांत बसणारा पीळ ही चौकट सोसते. मात्र वजन वाढते. टाटांच्या सफारीचे उदाहरण बोलके आहे. १९९८ची सफारी चौकटीवर उभी होती व तिची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्तीही मिळत असे. २०२१ मध्ये त्याच नावाने आलेली गाडी मोनोकॉक असून केवळ पुढील चाकांवर चालते.

चाकांना मिळणारी शक्ती
कायलॅकची शक्ती फक्त पुढील चाकांना मिळते. स्कॉर्पिओ-एनच्या बहुतेक आवृत्त्या मागील चाकांवर चालतात. फोर-व्हील ड्राइव्ह निवडक डिझेल आवृत्त्यांतच आहे. चिखलातून वा चढावर गाडी ओढून काढण्यास ती उपयोगी पडते, पण ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबविण्यास तिची मदत होत नाही.

आकार
कायलॅकची लांबी ३९९५ मिलिमीटर व रुंदी १७८३ मिलिमीटर आहे. स्कॉर्पिओ-एनची लांबी ४६६२ व रुंदी १९१७ मिलिमीटर आहे. सोसायटीच्या दोन खांबांमधील जागेत १३ सेंटिमीटरचा हा फरक दररोज जाणवतो. चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत लहान गाडी सोयीची. मात्र सहा-सात जणांचे कुटुंब असल्यास पाच आसनांची कायलॅक अपुरी पडते.

कर
चार मीटरच्या आतील लांबीला करसवलत देण्याचे धोरण २००६च्या अर्थसंकल्पापासूनचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्या एसयूव्हींवर ४० टक्के जीएसटी आहे. डिझेल गाडीला राज्याचा वाहनकरही पेट्रोलपेक्षा अधिक पडतो.

सुरक्षितता
स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे, तर कायलॅकला २०२५ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले. चाचण्या वेगळ्या असल्याने ताऱ्यांची थेट तुलना करू नये.

खरेदीपूर्वी
- पार्किंगची जागा टेपने मोजावी. दार उघडण्याची जागाही धरावी.
- वर्षातून किती दिवस डांबरी रस्ता सोडावा लागतो, हे प्रामाणिकपणे मांडावे.
- पसंतीच्या आवृत्तीत फोर-व्हील ड्राइव्ह आहे का, हे लेखी विचारावे.
- चाचणी फेरी नेहमीच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळी घ्यावी.

खेड वा मावळात शेती असणाऱ्यास, पावसाळ्यात कच्च्या वाटेने नित्य जाणाऱ्यास मोठ्या गाडीचा खर्च सार्थ ठरतो. निगडी ते चाकण असा रोजचा प्रवास करणाऱ्यास मात्र क्रॉसओव्हर पुरेशी आहे.