दुसरा डाव : मुरुडचे अण्णा आणि देवरुखच्या गोदूबाई

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो एका श्रोत्यांनी आमच्यावर लादला आहे. मागच्या व्याख्यानानंतर त्यांनी विचारलं, की सर, इंग्रजीत हल्ली समुद्रकाठच्या छोट्या गावांतल्या प्रेमकथांचं पेवच फुटलं आहे. एकदा हुकलेलं प्रेम, बऱ्याच वर्षांनी गावी परतणं, मंद आचेवर पुन्हा जुळत जाणारी मनं, शेवटी लग्न. असं काही आपल्या कोकणात घडलं आहे का? नुसतं कथेत नको, इतिहासात सांगा.

प्रश्न आम्हाला आवडला. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे ‘दुसरी संधी’ हा शब्द ऐकला की पहिली शंका येते ती अशी : दुसरी म्हणायची, तर पहिली कुठे होती? ही शंका तेवढी लक्षात ठेवा. तिच्याचसाठी आजचं सगळं बोलणं आहे.

आधी त्या इंग्रजी कथांचं मूळ थोडक्यात पाहू. जेन ऑस्टिनची ‘पर्स्युएशन’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस बाहेर आली. नायिका अ‍ॅन एकोणिसाव्या वर्षी एका नौदल अधिकाऱ्याला वचन देते आणि वडीलधाऱ्या बाईच्या सल्ल्यावरून ते मोडते. आठ वर्षांनी तो परत येतो. लाइम नावाच्या छोट्या बंदरगावात, धक्क्यावरच्या वाऱ्यात, राखेखालचा निखारा पुन्हा दिसू लागतो. पुढच्या दोनशे वर्षांतल्या अशा कितीतरी कथांना हा साचा पुरला आहे. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : अ‍ॅनला पहिली संधी मिळाली होती. तिला विचारलं गेलं होतं. ती ‘हो’ म्हणाली, मग ‘नाही’ म्हणाली. चूक झाली असेल, पण चूक तिची स्वतःची होती. आणि समुद्रकाठचं गाव या कथेत प्रेमाच्या बाजूचं असतं.

आता आपल्या किनाऱ्यावर या. दापोली तालुक्यातलं मुरुड. (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. दरवेळी कुणीतरी गल्लत करतं म्हणून आधीच सांगितलं.) नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ, जवळच हर्णैचं बंदर आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. या गावचे धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घरची गरिबी, पण शिकण्याची जिद्द अशी, की सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेला न बसता परत आला. रीतीप्रमाणे लग्न कोवळ्या वयातच झालं होतं. पत्नी राधाबाई त्याहून लहान. १८८२ साली त्यांना मुलगा झाला. तेच पुढचे संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

कर्वे मुंबईत शिकले, शिकवण्या करून पोट भरलं. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, मूळ देवरुखचे. देवरुख समुद्राला लागून नाही, घाटाच्या पायथ्याकडे आहे, पण कोकणच. या नरहरपंतांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा वारला.

इथे जरा थांबूया. आठ वर्षांच्या मुलीचं ‘पहिलं लग्न’. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला कळलं नसतं. तरीसुद्धा त्या तीन महिन्यांनी तिचं उरलेलं सगळं आयुष्य ठरवून टाकलं. कपाळ मोकळं, सणावाराला मागे, स्वयंपाकघरातलं न संपणारं काम, आणि केशवपनाची रीत तर होतीच. कायदा काय म्हणत होता? १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचं पुन्हा लग्न वैध ठरवलं होतं. पण त्याच कायद्यात असंही होतं, की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाईल. कागदावर एक दार उघडलं आणि त्याच कागदावर उंबरठ्याची किंमतही लिहून ठेवली.

याच किनाऱ्यावर कुणब्यांत, कोळ्यांत विधवेचा ‘पाट’ लागत असे. त्याला लग्नाचा मान नव्हता, विधी आटोपशीर, पुष्कळदा रात्रीचा. पण बाईला पुन्हा घर मिळत होतं. म्हणजे एकाच गावात, एकाच समुद्रासमोर, कोळीवाड्यातल्या बाईला जे मिळू शकत होतं ते ब्राह्मण आळीतल्या बाईला मिळत नव्हतं. ‘कोकणात विधवेला दुसरी संधी नव्हती’ असं सरसकट म्हणणारे लोक एकाच आळीकडे बघून बोलतात.

गोदूबाई भावाबरोबर मुंबईला आली. जोशी आणि कर्वे यांचं बिऱ्हाड एकत्र होतं. म्हणजे पुढे ज्यांचं लग्न व्हायचं होतं ती दोन माणसं एका छपराखाली वावरत होती, पण एक विवाहित आणि दुसरी मित्राची विधवा बहीण. यात प्रेमकथा शोधू नका. तसं काही घडल्याचा पुरावा नाही, आणि आम्हाला तो नसल्याचं समाधानच वाटतं. मंद आच म्हणतात ती हीच असावी : एकमेकांचं वागणं, कष्ट, स्वभाव रोज दिसत राहणं, त्याला कसलंही नाव न देता.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. विशी ओलांडल्यावर, विधवा म्हणून इतकी वर्षं काढल्यावर त्यांना वर्गात बसायला मिळालं. पुढे शारदासदन पुण्याला गेलं, त्यांचं शिक्षणही तिकडे चालू राहिलं. १८९१ मध्ये राधाबाई वारल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. वय तेहेतीस, हाती चांगली नोकरी, मूल लहान. अशा बिजवराला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळे, आणि गावाने जेवणावळीला पाट मांडले असते. पुरुषाचा दुसरा डाव इतका सोपा होता, की त्याला कुणी दुसरा डाव म्हणतच नव्हतं.

कर्व्यांनी ठरवलं, लग्न केलं तर विधवेशी. हा निश्चय ते गोदूबाईंच्या वडिलांशी बोलले. वडिलांनी मुलीला विचारलं, ती ‘हो’ म्हणाली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं. शारदासदन उघडल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. तारखेचा मेळ योगायोगाचा असेल, पण त्या चार वर्षांशिवाय हे लग्न झालं असतं असं आम्हाला वाटत नाही. जिला वाचता येतं, जी स्वतःच्या पायावर उभी राहण्याची कल्पना करू शकते, तिच्या ‘हो’ला काही अर्थ असतो. गोदूबाईंना आयुष्यात त्या वेळी पहिल्यांदा विचारलं गेलं. जग त्याला पुनर्विवाह म्हणत होतं.

नव्या संसारात त्या आनंदीबाई झाल्या. लोक पुढे त्यांना ‘बाया’ म्हणू लागले.

त्या काळच्या मराठी कादंबरीला हे सुचत होतं का? बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली (१८५७) विधवा यमुना पुन्हा लग्न करते, पण ख्रिस्ती होऊन. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमुना, जी साधारण याच वर्षांत ‘करमणूक’मधून वाचकांपुढे येत होती, तिच्या वाट्याला केशवपन येतं. एका यमुनेला धर्म सोडावा लागला, दुसरीला केस. देवरुखच्या गोदूबाईंनी धर्म न सोडता पुन्हा लग्न केलं. कादंबरीकारांच्या पुढे एक पाऊल इतिहास होता, असं क्वचितच घडतं.

मग मुरुड. नवपरिणीत जोडपं गावी गेलं, म्हणजे इंग्रजी कथेत ज्या प्रकरणात सगळं सुरळीत होतं ते प्रकरण. मुरुडकरांनी सभा भरवली आणि ठराव केला. कर्व्यांशी संबंध ठेवायचा नाही. ते ज्या बैठकीला असतील तिथे कुणी बसायचं नाही. त्यांच्या घरच्यांनी त्यांना घरात घेतलं, तर त्या घरावरही बहिष्कार. हे शेवटचं कलम बघा. आई, थोरले बंधू, बहीण सगळे गावातच राहणारे. त्यांना रोज विहिरीवर, देवळात, लग्नामुंजीत याच लोकांत वावरायचं होतं. कर्वे पुण्याला परत गेले तरी गाव त्यांच्या आईचं होतं. शिक्षा ज्याला द्यायची तो दूर निघून गेल्यावर ती मागे राहिलेल्या म्हातारीला भोगायला लावायची, ही छोट्या गावाची जुनी युक्ती आहे. आम्ही स्वतः अशाच एका लहान गावात वाढलो, त्यामुळे मुरुडला शिव्या घालायला आमची जीभ रेटत नाही. माणसं वाईट नव्हती. पण प्रत्येकाला शेजाऱ्याची भीती होती, आणि शेजाऱ्याला त्याची.

म्हणून श्रोत्यांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं, की हो, घडलं, पण उलट्या दिशेने. आपल्याकडे दुसरा डाव समुद्रकाठी मांडला गेला नाही. तो हर्णैहून मुंबईची वाट धरल्यावर, गिरगावातल्या बिऱ्हाडात, रमाबाईंच्या वर्गात आणि पुण्याच्या मांडवात मांडला गेला. गावाने दार लावून घेतलं.

आणि लग्नानंतर ‘सुखाने नांदू लागले’ असंही नाही. बाया नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. अण्णा सगळं काही आश्रमाला देऊन टाकत. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली, तेव्हा बाया चिडल्या. का चिडू नयेत? एकदा नवरा गेल्यावर काय होतं ते त्यांनी भोगलं होतं. महर्षींच्या चरित्रांत त्यागाचं कौतुक पानोपानी असतं, त्या त्यागाचं बिल कोण भरत होतं हे पाहायचं असेल तर बायांचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र वाचा. बाई कुठेही आव आणत नाही. घरातली ओढाताण सांगते, भांडण सांगते, आणि त्याच दमात आश्रमासाठी झोळी घेऊन हिंडल्याचंही सांगते. आमच्या मते या जोडप्याचं प्रेम पाहायचं ते त्या भांडणांत. ज्या मुलीला गप्प बसण्यापलीकडे हक्क नव्हता, ती इथे नवऱ्याला सुनावते आहे, आणि नवरा ऐकून घेतो आहे (ऐकतो असं नव्हे, ऐकून घेतो!).

बाया १९५० साली गेल्या. अण्णांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये ते गेले. हिशेब मांडायचा तर पहिलं लग्न तीन महिन्यांचं, दुसरं सत्तावन्न वर्षांचं.

मुरुडला आज कर्व्यांचं स्मारक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही सपत्नीक तिथे गेलो होतो. पर्यटक डॉल्फिन बघायला होडीवाल्यांशी घासाघीस करत होते, स्मारकाशी आम्ही दोघंच. आमच्या सौभाग्यवतींनी पाटी वाचली आणि विचारलं, ‘आणि बायांचं कुठे आहे?’ आम्ही इकडेतिकडे पाहिलं. मग दोघं पुळणीवर जाऊन बसलो.

बरं, वेळ झाली. प्रश्न असतील तर आता घेऊ.