जत्रेत गेलेली पिएता

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काच यांचा एक प्रचंड महाल उभा राहिला आणि जागतिक प्रदर्शनांच्या परंपरेस आरंभ झाला. आपली यंत्रे व कलाकुसर जगापुढे मांडावी, हा त्यामागील हेतू. पुढे राष्ट्रे आपापली स्वतंत्र दालने उभारू लागली आणि प्रदर्शनास जत्रेची कळा आली. अशाच एका जत्रेत ख्रिस्तसभेने आपला अनमोल ठेवा पाठविला होता.

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज उद्यानात १९६४ व १९६५ अशी दोन वर्षे, एप्रिल ते ऑक्टोबर, हे प्रदर्शन भरले. मध्यभागी बारा मजली उंचीचा पोलादी पृथ्वीगोल होता. जनरल मोटर्सच्या दालनात भविष्यकाळातील नगरे पाहण्यास लोकांची झुंबड उडे. या झगमगाटात व्हॅटिकनच्या दालनात मायकेलअँजेलोची ‘पिएता’ विराजमान झाली. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांची विनंती पोप तेविसावे जॉन यांनी मान्य केली होती.

मृत पुत्राला मांडीवर घेतलेली पवित्र मरिया त्या शिल्पकाराने पंचविशी गाठण्यापूर्वीच संगमरवरात साकारली. ‘असा ठेवा समुद्रापार धाडणे हे धाडस नव्हे काय?’ असा आक्षेप अनेकांनी घेतला. म्हणून तिच्यासाठी बनविलेली पेटी अशी होती की, जहाज बुडाले तरी ती पाण्यावर तरंगावी. एप्रिल १९६४ मध्ये ‘क्रिस्तोफोरो कोलोंबो’ या जहाजाने ती सुखरूप पोहोचली.

दालनाची मांडणी ब्रॉडवेचे नामांकित नेपथ्यकार जो मिल्झिनर यांनी केली. निळे पडदे, मंद प्रकाश, पुढे बंदुकीच्या गोळीलाही दाद न देणारा पारदर्शक पडदा; आणि प्रेक्षकांसाठी निरनिराळ्या उंचीवरून सरकणारे तीन पट्टे! पट्ट्यावर उभे राहायचे आणि मूर्तीपुढून वाहत जायचे. दोन वर्षांत सुमारे दोन कोटी सत्तर लाख लोकांनी या दालनाला भेट दिली. देवघराचे नाटकगृह झाले, अशी टीकाही झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती. मातेचे दुःख क्षणभरात कसे उमगावे? परंतु पट्ट्यांच्या मागे एक स्थिर मार्गही राखला होता. ज्याला थांबायचे त्याला तेथे थांबता येई.

या प्रदर्शनाचे दोन हंगाम आणि त्यांमधला एक हिवाळा. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी मुंबईस आले होते. पुढे ४ ऑक्टोबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी युद्धाविरुद्ध कळकळीचे आवाहन केले आणि रोमला परतण्यापूर्वी त्याच रात्री व्हॅटिकनच्या दालनास भेट दिली. युद्धाविषयी दिवसा जे शब्दांत सांगितले, तेच जणू रात्री संगमरवरात त्यांच्यासमोर होते.

पिएता सुखरूप परतली. मात्र सागर आणि गर्दी यांतून निभावलेल्या या मूर्तीवर घाव बसले ते स्वगृही! २१ मे १९७२ रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, सेंट पीटर्स महामंदिरात एका माथेफिरूने हातोड्याने मरियेचा डावा हात, नाक आणि पापणी फोडली. कुशल कारागिरांनी ती दुरुस्त केली. तेव्हापासून ती काचेआड आहे.

फ्लशिंग मेडोजमध्ये त्या दालनाच्या जागी आता एक अर्धवर्तुळाकार बैठक आहे. सरकते पट्टे केव्हाच गेले. तेथे येणाऱ्याला आता हवा तितका वेळ बसता येते. पाहण्यासारखी मूर्ती मात्र समोर नाही. रोममध्ये मूर्ती आहे, आणि तिच्यापुढे थांबायचे की गर्दीबरोबर वाहत जायचे, हे आजही ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.