हार्डडिस्कचा सूर

२००७च्या पावसाळ्यात मिरजेच्या एका गायनशिक्षिकेचा निरोप आला. बाई घरच्या कॉम्प्युटरवर शिष्यांच्या तालमी ध्वनिमुद्रित करत. महिन्याभरापूर्वी मीच त्यात जागा वाढवायला दुसरी हार्डडिस्क बसवून दिली होती. मी गेलो तेव्हा तानपुरा मांडीवर होता आणि बाई वैतागलेल्या होत्या.

"तुम्ही ती दुसरी डिस्क घातलीत ना, तेव्हापासून खोलीत कुणीतरी घुमतंय," त्या म्हणाल्या. "बरं, एकसारखं घुमेल तर कान सोडून देईल. हे वाढतं, विरतं, परत वाढतं. आणि सूर कुठला? ऋषभ नाही, कोमल गंधारही नाही. मध्येच लोंबकळतोय."

माझी गिऱ्हाइकं 'सीपीयू लई आवाज करतोय' एवढंच सांगायची. आवाजाची जागा सांगणाऱ्या या पहिल्याच. रात्री मी वहीत आकडेमोड केली. डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. त्याची दुप्पट, वरच्या सप्तकातला तोच सूर, २४०. बाईंचा षड्ज काळी चार, साधारण २०८. त्यावरून ऋषभ येतो २३४वर आणि कोमल गंधार २४९वर. बाईंचा कान एका कंपनाचीही चूक करत नव्हता.

मी मिरजेचाच. आमच्या घरामागे सतारमेकरांची गल्ली. फरीदसाहेबांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात शिकलगारी सोडून तंतुवाद्यं बनवायला घेतली, तेव्हापासून या गल्लीत भोपळे वाळत पडलेले असतात. शेजारच्या चाचांकडे मी तासन्‌तास बसायचो. तानपुऱ्याची जवारी काढताना ते घोडी घासत, तार छेडत आणि डावा तळवा भोपळ्यावर टेकवून ठेवत. कानाआधी तळव्याला कळतं, असं ते म्हणायचे. १९८९ साली मी कॉम्प्युटर दुरुस्तीत आलो आणि ही सवय सोबत आणली. कॅबिनेट उघडण्याआधी मी अजूनही त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवतो.

हार्डडिस्कचा आवाज हा तिच्याइतकाच जुना आहे. पहिली डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली, रामॅक नावाच्या यंत्रासोबत. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर, मिनिटाला १२०० फेरे. वाचणारी डोकी तबकडीला टेकू नयेत म्हणून दाबलेली हवा सोडावी लागे. म्हणजे मोटर आली, हवेचा फुसकारा आला, खोलीभर कल्लोळ आला. एवढ्यात मावायची ५० लाख अक्षरं. १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २०, आणि माणसाच्या कानाची खालची वेसही तीच. पुढच्या मोठ्या यंत्रांनी ३६०० फेरे गाठले. अमेरिकेत विजेची कंपनं सेकंदाला ६०, आणि तिच्यावर चालणाऱ्या मोटरीचा ताल त्यावरूनच ठरत असे. १९८०च्या सुमारास सव्वापाच इंची डिस्का आल्या. त्यांच्या मोटरी त्या विजेच्या तालावर अवलंबून नव्हत्या, तरी वेग ३६००च राहिला. नंतर ५४०० आले. १९९२ साली सीगेट कंपनीने बॅराकुडा ही ७२००ची डिस्क आणली.

आता हे आकडे सेकंदात मोडा: ६०, ९०, १२०. पहिला षड्ज धरला तर दुसरा बरोबर पंचम आणि तिसरा तार षड्ज. मध्ये ४५०० फेऱ्यांच्याही काही डिस्का येऊन गेल्या. त्यांचा आकडा ७५, म्हणजे शुद्ध गंधार. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुतींची कंपनं मोजली, १९१० साली त्यावर पुस्तक काढलं, आणि त्याच मुलखात मी हे गणित मांडतो आहे, याचा मला आनंद होतो.

माझ्या हाती आलेली पहिली कुरबुर साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातली. २० मेगाबाइटची डिस्क. मशीन चालू केलं की अर्धा तास बरी, मग बाभळीवरच्या किड्यासारखी किरकिर. कारकून म्हणाले, बेअरिंग गेलं. मी लांब पेचकस घेतला, टोक डिस्कवर आणि मूठ कानाच्या हाडावर. मोटर मेकॅनिक इंजिन असंच ऐकतात. बाजूला आवाज मंद, वर मंद, खालच्या सर्किटच्या मधोमध मात्र कान फाटेल असा. तिथे तांब्याची एक बारीक पट्टी होती, तिच्या टोकाला कार्बनचं बटण, आणि ते फिरणाऱ्या दांड्याच्या टोकावर टेकलेलं. तबकड्यांवर साठणारी स्थिर वीज उतरून जावी म्हणून ती सोय. बटण झिजून गुळगुळीत झालं की पट्टी कंप पावते आणि किंचाळते. मशीन बंद करून मी पट्टी किंचित वाकवली, तिच्या पाठीला रबराचा एवढासा तुकडा चिकटवला. किरकिर थांबली. बेअरिंगला हातही लावावा लागला नाही. आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

त्या काळच्या डिस्का बोलक्या होत्या. डोकी स्टेपर मोटरवर सरकत, एकेका मार्गाला एकेक टप्पा, त्यामुळे फाइल शोधताना टिक्‌टिक्‌ टर्रर्र असा आवाज येई. मशीन हलवायचं तर आधी पार्कची आज्ञा देऊन डोकी कडेला न्यायची. पुढे डोकी हलवायला व्हॉइस कॉइल आली. चुंबकात अडकवलेली ही गुंडाळी लाउडस्पीकरमध्ये असते तीच. ती जोरात थांबते आणि जोरात सुटते, म्हणून तिचा आवाज खटखटीत. त्यावर ऑटोमॅटिक अकूस्टिक मॅनेजमेंट अशी सोय निघाली. आकडा २५४ ठेवला तर डिस्क पूर्ण वेगात, १२८ ठेवला तर डोकी हळुवार सुटणार आणि फाइल मिळायला काही मिलिसेकंद जास्त लागणार. रात्री काम करणाऱ्या लेखकांच्या घरी मी तो बिनदिक्कत १२८ करून देत असे. २००० साली कन्व्हॉल्व्ह ही कंपनी आणि एमआयटी यांनी सीगेट व कॉम्पॅकवर पेटंटचा दावा लावला आणि पुढे सीगेटच्या डिस्कांत ही सोय मिळेनाशी झाली. शांततेची चांगली सोय कोर्टकज्ज्यात अडकावी याचं मला अजून वाईट वाटतं.

खरा पालट बेअरिंगने केला. आधी दांड्याला पोलादी गोळ्यांची बेअरिंगं असत. गोळ्या झिजल्या, ग्रीस सुकलं की डिस्क शिट्टी घाली, आणि ती शिट्टी महिन्या-महिन्याने चढत जाई. २००१ साली सीगेटची बॅराकुडा एटीए ४ तेलाच्या पातळ थरावर फिरणारी आली. दांड्याभोवतीच्या बारीक खाचा फिरताना तेल दाबून धरतात, लोखंड लोखंडाला लागतच नाही. पहिल्यांदा जोडली तेव्हा डिस्क फिरतेय की नाही हे बघायला मी तळवाच टेकवला होता. पाचेक वर्षांत जवळपास सगळ्यांनी तीच वाट धरली.

एक आवाज मात्र कधी दाबू नये. ठराविक वेळाने टक्‌, टक्‌, टक्‌. डोक्यांना मार्ग सापडत नाही, ती परत जागेवर येतात, पुन्हा निघतात, पुन्हा परततात. एका डीटीपी सेंटरवाल्याने हा आवाज ऐकून कॅबिनेटभोवती थर्माकोल लावला होता. दिवाळी अंकाची पानं आत होती. चार दिवसांनी डिस्क गेली ती पानांसकट, आणि ऑपरेटर मुलीने सगळा मजकूर पुन्हा टाइप केला. अशा वेळी आधी कॉपी काढायची, बाकी सगळं नंतर.

बाईंच्या खोलीत मी आधी व्होल्टेज स्टॅबिलायझर बंद केला. आपल्याकडच्या विजेवर त्याची गुणगुण १००ची असते, ती वगळली. मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा पंखा क्षणभर काडीने थांबवला. घुमणं तसंच. मग मशीन बंद करून नव्या डिस्कची वायर काढली. चालू केल्यावर घुमणं उरलं, पण लाट गेली. कारण कळलं: दोन्ही डिस्का ७२००च्या, पण अगदी तंतोतंत नाहीत. एक १२०, दुसरी त्याहून केसभर कमी. दोन तारा जवळजवळ जुळल्या की जी लहर येते, तीच. तानपुऱ्याची जोडी लावणाऱ्या माणसाला हे समजावायला शब्द लागत नाहीत. मी नुसतं "जोड जुळत नाही" म्हटलं आणि बाई हसल्या.

मग डिस्क बाहेर काढून वायरीसकट स्पंजावर ठेवली. आवाज एकदम बसला. म्हणजे गात होता तो पत्रा. डिस्क ही तार, कॅबिनेट हा भोपळा. स्क्रूंनी दोघांना घट्ट बांधून आपणच तानपुरा तयार केला होता. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि दोन्ही डिस्का सव्वापाच इंची खणांत टांगल्या, आपल्या वजनाने सेंटिमीटरभर खाली येतील इतक्या सैल. अशी टांगलेली वस्तू स्वतः सेकंदाला पाचेक वेळा झुलते. १२०ची थरथर मग पत्र्यापर्यंत पोचत नाही. पत्र्यातून जाणारी उष्णता आता अडली, म्हणून समोर एक सावकाश पंखा लावला. मशीन उचलून न्यायचं असेल तर आधी मला बोलवा, हेही बजावलं.

बाईंनी तानपुरा छेडला, बराच वेळ ऐकला आणि नुसती मान हलवली.

२०१९ साली त्यांनी मशीन बदललं. आत एसएसडी, तिला फिरायला काहीच नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांची कॉपी करताना मी हेडफोन लावून काही ऐकली. सगळ्यात जुन्या तालमींमध्ये तानपुऱ्याखाली एक बारीक घुमणं आहे, ९०चं. तेव्हा त्यांच्याकडे ५४००ची डिस्क होती. त्यानंतर १२०. २००७च्या जून-जुलैच्या सहा फायलींत ती लाट आहे, आणि एका मुलीच्या भूपात विलंबितभर ती स्पष्ट ऐकू येते. गुणगुण गाळून देऊ का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "राहू दे. या फायलींवर तारखा नाहीत. आवाजावरून मला कळतं, कोणती कधीची."