वॉलडॉर्फ आणि आर.जी. तेवीस

जर्मनीत हायडेलबर्गच्या दक्षिणेला वॉलडॉर्फ नावाचं एक लहान गाव आहे. न्यूयॉर्कच्या वॉलडॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या नावातला वॉलडॉर्फ तो हाच. १७६३ साली इथे जन्मलेला अ‍ॅस्टर नावाचा खाटकाचा मुलगा अमेरिकेत जाऊन गब्बर झाला, त्याची ही आठवण. पण आपल्याकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा या गावाशी संबंध येतो तो दुसऱ्याच कारणाने. सॅप या कंपनीचं मुख्यालय इथे आहे. 'सॅपमध्ये एंट्री पडली का?' हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या स्टोअर्समध्ये कुणी ऐकला नसेल असं मला वाटत नाही.

या सॉफ्टवेअरबरोबर एक शब्द नेहमी येतो: 'स्टँडर्ड'. स्टँडर्ड प्रोसेस, स्टँडर्ड स्क्रीन. आणि त्यात न बसणारं जे काही भारतातलं, ब्राझीलमधलं, इंडोनेशियातलं असेल ते 'लोकल रिक्वायरमेंट', म्हणजे थोडक्यात सांगायचं तर तुमची कटकट. इथे राहून, इथल्या कंपन्यांचे हिशेब जवळून पाहिल्यावर मला या शब्दाची गंमत वाटू लागली. ती गंमत सांगण्यासाठी थोडा इतिहास.

१९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनिअरांनी ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्याच ऑस्ट्रिंगन गावातला आय.सी.आय. कंपनीचा नायलॉनचा कारखाना. स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हे लोक गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचे. बाजूला बसलेल्या माणसाला विचारायचं, तो हिशेब कसा करतो ते पाहायचं, आणि तसं लिहायचं. म्हणजे जगभरच्या 'स्टँडर्ड'ची सुरुवात एका खेड्यातल्या कारखान्याच्या लोकल रिक्वायरमेंटने झाली होती!

त्या सुरुवातीच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. कारखान्यासाठी सिस्टिममधल्या फील्डचं नाव आहे 'वेर्क्स'. हे जर्मन 'वेर्क'वरून आलं. गिऱ्हाइकांच्या टेबलाचं नाव 'के'ने सुरू होतं, कारण जर्मनमध्ये गिऱ्हाईक म्हणजे 'कुंडं'. पुरवठादारांचं टेबल 'एल'ने, कारण 'लीफरांट'. भोसरीतला पोरगा दिवसभर ही अक्षरं टाइप करतो, त्याला ती कॉम्प्युटरची भाषा वाटते.

नावांचं सोडा. या सिस्टिममध्ये एकदा पोस्ट केलेलं व्हाउचर खोडता येत नाही. चुकलं तर उलटी एंट्री करायची, मग बरोबर एंट्री करायची. तिन्ही कायम दिसणार. हे आम्हाला कॉम्प्युटरची शिस्त म्हणून शिकवलं गेलं. प्रत्यक्षात तो जर्मन व्यापारी कायद्यातला नियम आहे. हिशेबातल्या नोंदीत मूळ मजकूर कळणार नाही असा बदल करायचा नाही, असं कलम २३९ सांगतं. इथला कुठलाही हिशेबनीस हे शाईच्या काळापासून पाळत आला होता.

आता भारताकडे येऊ. आपल्या एक्साइजची गोष्ट पहिल्यापासूनच वेगळी. १९४४ च्या कायद्याखाली कारखान्यातून माल बाहेर काढायचा तर इन्स्पेक्टरची परवानगी लागायची. १९६८ पासून कारखानदाराने स्वतःच ड्यूटी ठरवून माल काढायची पद्धत सुरू झाली. पण सरकारचा विश्वास काही एकदम बसला नाही, आणि त्या अविश्वासाची रजिस्टरं झाली. तयार मालाचं आर.जी. एक. सरकारजमा आगाऊ पैशांचं पी.एल.ए. १९८६ साली मॉडव्हॅट आल्यावर कच्च्या मालावर भरलेल्या ड्यूटीचं क्रेडिट मिळू लागलं, त्याचं आर.जी. तेवीस-ए: पार्ट वनमध्ये मालाचं वजन-नग, पार्ट टूमध्ये ड्यूटीचे पैसे.

नव्वदीच्या अखेरीस भोसरीच्या एका कारखान्यात आम्ही सॅप बसवत होतो. आमच्याबरोबरच्या जर्मन कन्सल्टंटला कळेना की माल गेटमधून एकदाच आत आला, तर नोंद तीन ठिकाणी कशाला? एक्साइजचं काम पाहणारे एक काका होते, निवृत्तीला आलेले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, एक वही आपली, दोन सरकारच्या." आणि मग त्यांनी तासभर बसून सगळं समजावलं. जॉबवर्कला बाहेर पाठवलेला माल १८० दिवसांत परत यायला हवा. त्या चलनाला सगळे 'सत्तावन्न एफ फोर' म्हणत, कारण तो नियमाचा नंबर होता. नंतर नियम बदलला, नंबर गेला, चलनाचं नाव राहिलं. त्या माणसाच्या तासाभरात जे होतं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं.

अशा काकांकडून गोळा केलेल्या माहितीतून सॅपची भारतीय आवृत्ती घडली. तिला सगळे 'सिन' म्हणत. आधी ती मूळ सिस्टिमला बाहेरून जोडलेली होती, पुढे आत सामावली गेली. आणि इथे एक मजेशीर प्रकार झाला. २००० साली सेनव्हॅट आला, आणि सरकारने ठरावीक नमुन्यातली रजिस्टरं ठेवण्याची सक्तीच काढून टाकली. पण सॉफ्टवेअरमध्ये आर.जी. तेवीसचे दोन्ही पार्ट तसेच राहिले. कायद्यातून गेलेली वही स्क्रीनवर पुढची सतरा वर्षं जिवंत होती. लोकल गरज कुठली आणि लोकल सवय कुठली, हे बाहेरून ओळखणं किती अवघड आहे बघा. आतूनही सोपं नाही म्हणा!

याच्या अगदी उलटा रस्ता बंगळुरूच्या टॅलीने घेतला. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्यासाठी मनाजोगं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांच्या मुलाने, भरत गोएंका यांनी, ते लिहिलं. साल १९८६. त्यात खात्यांना कोड नंबर नाहीत, पार्टीचं नाव टाइप करा की झालं. आणि मागच्या महिन्याच्या व्हाउचरमध्ये शिरून रक्कम खुशाल बदला. आपल्या दुकानदाराला हे फार मानवलं. का, ते वेगळं सांगायला नको. माझं मत विचाराल तर कोड नसणं ही खरी देशी गरज होती, आणि गुपचूप खोडता येणं ही देशी सोय. दोन्हीला 'आपली पद्धत' म्हणून एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पेट्रोल-डिझेल, तंबाखू असले अपवाद सोडले तर एक्साइज संपली आणि 'सिन'चा मोठा भाग एका रात्रीत अडगळीत गेला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठवताना ई-वे बिल लागू झालं. म्हणजे माल हलवण्याआधी पुन्हा सरकारकडे नोंद आलीच, फक्त इन्स्पेक्टरच्या जागी पोर्टल. तेव्हा वॉलडॉर्फच्या सिस्टिमला पुन्हा नवे भारतीय स्क्रीन जोडावे लागले.

आणि १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. ती नोंद बंद करता येता कामा नये, असंही नियमात आहे. टॅलीने त्यासाठी एडिट लॉग आणला. सॅपवाल्यांना या एका बाबतीत फारसं काही करावं लागलं नसणार.