यिर्मयाचे पत्र आणि निर्वासितांची पाठशाळा

ख्रिस्तपूर्व ५९७ साली बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम नगर घेतले आणि तेथील राजा, सरदार व कारागीर यांना बंदिवान करून आपल्या देशी नेले. मंदिर मागे राहिले, यज्ञवेदी मागे राहिली. अशा हताश लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून एक पत्र पाठविले. लवकरच परत याल, अशी खोटी आशा त्याने त्यांना दाखविली नाही. तेथेच घरे बांधून संसार थाटावा आणि त्या परक्या नगराच्या भल्यासाठीही देवाला विनवावे, असा त्या पत्राचा आशय होता. निर्वासितांना दुरून दिलेला हा शास्त्रपाठच म्हणावा लागेल.

या पत्राची आठवण होण्यास कारण घडले ते येशूसंघाच्या अलीकडच्या इतिहासाचे वाचन. १९७५ साली व्हिएतनामचे युद्ध संपले आणि पुढील वर्षांत हजारो कुटुंबे मोडक्या नावांतून समुद्रात लोटली गेली. येशूसंघाचे तत्कालीन महाधिपती फादर पेद्रो अरूपे हे वृत्त वाचून व्यथित झाले. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच नगराच्या सीमेवर नवशिक्षितांचे गुरू होते आणि त्यांनी आपल्या मठाचे रुग्णालय केले होते. १९७९ च्या नाताळच्या सुमारास त्यांनी सुमारे वीस प्रांताधिपतींना तारा पाठवून साहाय्य मागितले. प्रतिसाद उत्तम मिळाला आणि १४ नोव्हेंबर १९८० रोजी 'जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस' स्थापन झाली. निर्वासितांची सोबत, त्यांची सेवा आणि त्यांच्या हक्कांची कैफियत ही तिची त्रिसूत्री. ऑगस्ट १९८१ मध्ये बँकॉक येथे या सेवकांना प्रार्थनेचा आग्रह करून फादर अरूपे परतले आणि रोमच्या विमानतळावर उतरताच त्यांना पक्षाघात झाला. त्यांचे ते भाषण अखेरचा उपदेश ठरले.

पोटाला अन्न मिळाले तरी छावणीत वर्षे सरतात आणि बुद्धी उपाशी राहते, हे या कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले. म्हणून २०१० साली केनियातील काकुमा, मलावीतील झालेका आणि सीरियातील अलेप्पो येथे संगणकाद्वारे उच्च शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. दूरदेशीच्या येशूसंघीय विद्यापीठांतील प्राध्यापक शिकवीत; छावणीतील केंद्रात विद्यार्थी एकत्र बसत. पदविका देत असे ते अमेरिकेतील रेजिस विद्यापीठ. अलेप्पोत युद्ध पेटले आणि तेथील काम थांबले. काकुमा व झालेका येथील पहिले विद्यार्थी मात्र २०१३ साली पदविकाधारक झाले.

हा बायबलचा वर्ग नव्हता. सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश होता. परंतु ज्या तारेवरून तत्त्वज्ञान जाते, तिच्यावरून पवित्र शास्त्रही जाऊ शकते. मग आमच्यासारख्या धर्मगुरूंपुढे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न सदसद्विवेकाचा. उपाशी माणसाच्या हाती भाकरीबरोबर बायबल ठेवले, तर तो ते श्रद्धेने घेतो की गरजेने? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात गरीब व अशिक्षित यांच्याबाबतीत आमिष वा दडपण वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. तेव्हा शास्त्राभ्यास मागणाऱ्यालाच द्यावा आणि मदत न मागता सर्वांना द्यावी, हाच सरळ मार्ग होय.

दुसरा प्रश्न सान्निध्याचा. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ सालीच सांगितले आहे. आम्ही पूर्वी पडद्यावरील उपासनेकडे काहीशा तुच्छतेने पाहत असू. २०२० च्या महासाथीत मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा आमचे मत बदलले. घरात अडकलेल्या वृद्धांना त्या पडद्यावरील वचनाने धीर दिला आणि ख्रिस्तशरीराची भूकही त्यानेच वाढविली. वचन दुरून येऊ शकते. मिठी मात्र जवळूनच मारावी लागते.

याची साक्ष आमच्या महाराष्ट्रातही आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. सोव्हिएत भूमीतील हद्दपारी सोसून आलेल्या त्या कॅथॉलिक लोकांनी येथे आपले चर्च उभारले, आपल्या भाषेत शाळा चालविल्या. यिर्मयाचे पत्र त्यांनी जणू आचरून दाखविले.

त्या पत्राविषयी एक बारीक तपशील शास्त्रात नोंदलेला आहे. ते आपोआप बाबेलला पोहोचले नाही. एलासा आणि गमऱ्या या दोघांनी ते नेले. आज पत्र क्षणात पोहोचते, म्हणून त्या दोघांची गरज संपली असे समजण्याचे कारण नाही. परप्रांतातून आलेली, भाषा न कळणारी कुटुंबे आमच्याही धर्मग्रामांच्या सीमेवर राहतात. रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्यांच्या दारी कोण जाणार, हे प्रत्येक कुटुंबाने आपसात ठरवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.