दंडावरचा दाखला

माझ्या डाव्या दंडावर देवीचे दोन व्रण आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर ते सापडतील. आमच्या लहानपणी टोचणाऱ्या माणसाला 'देवी डॉक्टर' म्हणत, आणि 'लस घेतली' असे कोणी म्हणत नसे. 'देवी काढल्या' असे म्हणत. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी माझी बाही वर सारून दंड पाहिला होता, एवढे मला आठवते. दंड हाच दाखला होता. तो हरवत नसे, पावसात भिजत नसे, त्यावर सही-शिक्का लागत नसे.

हा दंड मला गेल्या वर्षी पुन्हा आठवला तो पुतणीमुळे. वारकऱ्यांना टाळगाव म्हणून ठाऊक असलेले आमचे चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेतांच्या जागी वर्कशॉप आणि सोसायट्या आल्या. कारखान्यात आयुष्य काढलेल्यांची मुले आता परदेशी शिकायला निघतात. पुतणीला न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसा झाला, तिकीट झाले, आणि जुलैच्या सुरुवातीला एक फॉर्म समोर आला : गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसी कोणत्या तारखांना घेतल्या? पुरावा नसेल तर वर्गात बसता येणार नाही.

"काका, तुम्ही जुने कागद शोधता ना, मग माझे शोधा," असे म्हणून तिने ते काम माझ्याकडे दिले. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. संशोधन हा सुटीच्या दिवशीचा छंद. पण हा शोध मला दोनशे वर्षे मागे घेऊन गेला.

भारतात देवीची पहिली यशस्वी लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा लस बाटलीत टिकत नसे. ती व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशी टप्प्याटप्प्याने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, मुंबईला पोहोचली. मुंबईतून ती पुण्याकडे आणि देशभर गेली. लस दंडातून दंडात जात होती, आणि तिची खूणही दंडावरच उरत होती.

कागद आला तो कायद्याबरोबर. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात लहान मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. पाठोपाठ १८८० चा हिंदुस्थानासाठीचा लसीकरण कायदा आला. त्यात टोचल्यानंतर मूल पुन्हा तपासायचे आणि लस लागली असेल तर तसा दाखला द्यायचा, अशी तरतूद होती. मूल अशक्त असेल तर पुढे ढकलल्याचा दाखला, वारंवार टोचूनही लस लागत नसेल तर तसा दाखला. म्हणजे सरकारने नुसती सक्ती केली नाही. प्रत्येक शक्यतेसाठी कागदही ठरवून दिला.

कागदाची दुसरी बाजू पुण्याने प्लेगमध्ये पाहिली. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या कारकिर्दीत घरे तपासली गेली, माणसे छावण्यांत हलवली गेली, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पुढे लस घेतलेल्यांना त्या दाखल्यावर अलगीकरणातून सवलत मिळू लागली. एकच कागद कोणाला कवच वाटला, कोणाला फास. तो मागणाऱ्यावर लोकांचा विश्वास किती, यावर सारे ठरत होते.

अमेरिकेत दाखला मागायला सुरुवात शाळेपासून झाली. १८२७ मध्ये बोस्टन शहराने आणि १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने शाळेत येणाऱ्या मुलांना देवीची लस सक्तीची केली. टेक्सासमधल्या एका विद्यार्थिनीने दाखल्याशिवाय प्रवेश मिळावा म्हणून थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९२२ मध्ये न्यायालयाने अट कायम ठेवली. महाविद्यालयांत गोवराची अट पक्की होण्यामागे १९८९ ते १९९१ ची साथ आहे. त्या तीन वर्षांत अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक लोकांना गोवर झाला. लहानपणी एक डोस घेतलेले विद्यार्थीही वसतिगृहांत आजारी पडले, कारण एका डोसने शंभरातल्या काही मुलांत संरक्षण तयारच होत नाही. म्हणून दुसरा डोस आला. न्यूयॉर्कचा कायदा १ जानेवारी १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे पुरावा मागतो. त्याआधी जन्मलेल्यांना लहानपणी गोवर येऊन गेला असणार, असे धरले जाते.

आता पुतणीचे कार्ड. वहिनींनी ते लोखंडी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली जपून ठेवले होते. जन्म २००६ चा. बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, आणि नवव्या महिन्यात गोवर. सरकारी दवाखान्यात सगळे वेळेवर. तरीही न्यूयॉर्कच्या हिशेबात ती गोवराच्या बाबतीत कोरीच ठरत होती. तिथला नियम असा, की पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजायचा नाही.

वहिनींना हा अपमान वाटला. पण दोन्हीकडची वेळ आपापल्या जागी बरोबर आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात काही महिने टिकते आणि ती असेपर्यंत लस नीट लागत नाही. नवव्या महिन्यात साधारण ८५ टक्के मुलांना लस लागते, बाराव्या महिन्यात ९५ टक्क्यांच्या आसपास. जिथे गोवर क्वचित, तिथे वर्षभर थांबणे परवडते. आपल्याकडे गोवर तान्ह्या मुलांनाच गाठत असे, म्हणून १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरणात नववा महिना ठरला. तिथला नियम एकट्या मुलाचे संरक्षण पक्के करतो, इथला नियम आधी मरण टाळतो. आणि गालगुंडाची लस आपल्या सरकारी यादीत नव्हतीच, आजही नाही.

मग मला २०१८ ची मोहीम आठवली. त्या वर्षी २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली. पुतणी तेव्हा सहावीत होती. टोचल्यावर डाव्या अंगठ्यावर मार्करची खूण केली होती आणि एक चिठ्ठी दिली होती. अंगठ्यावरची शाई आठवड्यात गेली. चिठ्ठी दप्तरातून कधी गेली ते कळलेच नाही. तिच्या शाळेत चौकशी केली. तिथल्या बाई आपुलकीने बोलल्या, पण यादी सापडली नाही. शाळा सोडल्याचा दाखला मात्र व्यवस्थित होता. जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, सारे काही. 'वर्तणूक : चांगली' हे सात समुद्रापार कोणी विचारले नाही. शाळेच्याच आवारात टोचलेल्या लसीला त्यावर रकाना नव्हता.

शेवटी २८ दिवसांच्या अंतराने तिने दोन एमएमआर घेतल्या. दुसरी, विमानाच्या चार दिवस आधी. जादा डोसाने अपाय होत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. मी बाटलीवरचे लेबल वाचले. लस पुण्याचीच होती. १९६६ मध्ये सुरू झालेल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची. जगभरातल्या मुलांसाठी लस आमच्या जिल्ह्यातून जाते, आणि आमच्या जिल्ह्यातल्या मुलीकडे ती घेतल्याचा कागद नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या दारात लसीचा पुरावा मागितला गेला तो, माझ्या आठवणीत, प्रथम करोनात. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली महाविद्यालये प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा दोन डोसांची अट होती. पण त्यासोबत आणखी दोन गोष्टी झाल्या. 'मिशन युवा स्वास्थ्य' ही मोहीम काढून महाविद्यालयांतच लस दिली गेली, आणि पुरावा विद्यार्थ्याच्या कपाटात न राहता कोविनवर राहिला. मोबाइल हरवला तरी दाखला हरवत नव्हता. अटीवर मतभेद होते, पण 'माझा कागद सापडत नाही' म्हणून कोणाला दारातून परतावे लागू नये याची सोय त्यात होती.

इथवर ही परदेशी निघालेल्या मुलांचीच अडचण वाटेल. तसे नाही. चिखलीलाच लागून असलेल्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे होती. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातून आलेली कुटुंबे तिथे राहत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावला गोवराची साथ आली, तेव्हा कुदळवाडीतही रुग्ण सापडले. त्या दिवसांत लसीकरणाच्या टेबलाशी एका आईला मी विचारले, बाळाला नवव्या महिन्यात सुई दिली होती का? ती म्हणाली, "दिली असेल. कार्ड गावाला सासूकडे आहे." तिच्या उत्तरात आणि वहिनींच्या कपाटात मला फरक दिसला नाही. परिणामात मात्र मोठा फरक होता. पुतणीला हरवलेल्या कागदाची किंमत दोन सुयांत चुकवता आली. त्या बाळाच्या बाबतीत ती ताप, न्यूमोनिया किंवा त्याहून वाईट असू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गोदामे पाडली गेली आणि वस्ती विखुरली. त्या मुलांची कार्डे कुठल्या गाठोड्यात गेली असतील?

मुलांच्या लसीकरणासाठी आता यू-विन हे पोर्टल आले आहे. आज जन्मणाऱ्या मुलांचे त्यामुळे भले होईल. पण २०१८ मध्ये शाळेत टोचून घेतलेली पिढी आत्ता कुठे अठराची होते आहे. तिच्यासाठी माझी सूचना साधी आहे : शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लसीची एक ओळ असावी. ती प्रवेश अडवण्यासाठी नको. शिक्षणाचा हक्क कायदा जन्माचा पुरावा नसला तरी मुलाला शाळेबाहेर ठेवत नाही, मग लसीच्या कागदावरून ठेवणे चुकीचेच. रकाना रिकामा दिसला तर मुलाला परत न पाठवता दवाखान्यात न्यावे, एवढ्यासाठी तो हवा.

पुतणी तिथे रुळली. परवा फोनवर म्हणाली, "काका, इथे क्षयाच्या तपासणीला बोलावले. दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला, तर नर्स म्हणाली, रक्ताची चाचणी करू, बीसीजीमुळे कातडीवरची चाचणी फसते." रक्ताचा अहवाल चांगला आला. तिने तो मला पाठवला आणि मी छापून घेतला.

वहिनींच्या कपाटात, अल्बमखाली, आता त्या कार्डासोबत तो अहवाल आणि दोन एमएमआरच्या पावत्या आहेत. आपणही या दिवाळीच्या साफसफाईत मुलांची लसीकरणाची कार्डे सापडली तर रद्दीत घालू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तारखा वहीत उतरवा. आमच्या दंडावर दाखला कोरलेला होता. आपल्या मुलांच्या दंडावर तो नाही.