डायस : एका आडनावाचा प्रवास

दक्षिण दिल्लीत ओखल्याच्या बाजूस, जामिया मिल्लिया इस्लामिया या विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर, सराय जुलेना नावाची एक जुनी वस्ती आहे. सराय म्हणजे वाटसरूंच्या उताऱ्याची जागा. दिल्लीच्या परिसरात अशा सराया पुष्कळ होत्या आणि त्यांची नावे आजही मोहल्ल्यांना चिकटून राहिली आहेत. परंतु जुलेना हे नाव ना फारसी, ना हिंदी. ते ज्युलियाना या ख्रिस्ती नावाचे दिल्लीकरांच्या तोंडी झालेले रूप होय. या बाईचे पूर्ण नाव ज्युलियाना दियश द कॉश्ता. पोर्तुगीज घराण्यातील ही स्त्री औरंगजेबाचा पुत्र मुअज्जम याच्या परिवारात होती. मुअज्जम बापाच्या कैदेत असतानाही तिने त्याच्या कुटुंबाची सेवा सोडली नाही, असे सांगतात. १७०७ साली तो बहादूरशहा या नावाने तख्तावर बसला आणि ज्युलियानाचा शब्द दरबारात वजनदार ठरू लागला. डच वकील केटेलार १७११-१२ च्या सुमारास बादशहाच्या भेटीस आला, तेव्हा त्याला तिचे साहाय्य झाले. जेझुइट पाद्र्यांची तर ती आश्रयदातीच होती. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेण्यासाठी दिल्लीत आले, ते तिच्या हयातीतच. १७३४ साली ती निवर्तली.

दिल्लीने तिचे नाव ठेवले, आडनाव टाकले. ते टाकलेले आडनाव मात्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आजही नांदते आहे. वसईत आणि मुंबईत त्याचा उच्चार 'डायस' असा होतो. स्पॅनिशमध्ये त्याचे रूप 'दीआस' असे आहे. उच्चार वेगळे, आडनाव एकच.

या आडनावाचा अर्थ पाहू गेल्यास तो अगदी साधा आहे. दीआस म्हणजे दिएगोचा मुलगा. आयबेरियाच्या द्वीपकल्पात पित्याच्या नावाला विशिष्ट प्रत्यय लावून मुलाची ओळख सांगण्याची रीत होती. फर्नांदोचा तो फर्नांडिस, रॉद्रिगोचा तो रॉड्रिग्ज, लोपेचा तो लोपीस, गोन्सालोचा तो गोन्साल्विस. प्रारंभी ही आडनावे नव्हतीच. पिढीगणिक ती बदलत असत. स्पेनचा विख्यात वीर एल सिद याचे घराणे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या आजाचे नाव लाईन नून्येस, पित्याचे दिएगो लाईनेस, त्याचे स्वतःचे रॉद्रिगो दीआस आणि त्याच्या मुलाचे दिएगो रॉद्रिगेस. चार पिढ्या आणि चार निरनिराळी उपनामे! मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या नावाच्या मध्यभागी बसणारे पित्याचे नाव हेच काम करते आणि तेही दर पिढीला बदलते. पुढे मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही उपनामे गोठली. ज्याचा पिता दिएगो नाही असा मनुष्यही दीआस म्हणवू लागला आणि बापाचे नाव कुळाचे नाव झाले.

दिएगो या मूळ नावाविषयी मात्र पंडितांत मतभेद आहेत. लोकांत रूढ असलेली उपपत्ती अशी की, स्पेनचा संरक्षक संत सांतियागो म्हणजे संत याकोब. 'सांत यागो' या शब्दांची फोड चुकून 'सान तियागो' अशी झाली आणि त्यातून दिएगो निघाले. हे खरे मानले तर वसईचा डायस, बायबलातला याकोब आणि दिल्लीच्या गल्लीतला याकूब हे नावापुरते एकाच घरचे ठरतात. दुसरा पक्ष असे म्हणतो की, जुन्या लॅटिन दस्तऐवजांत या नावाचे रूप 'दिदाकुस' असे आढळते. तेव्हा त्याचा याकोबाशी संबंध जोडणे ही मागाहूनची कल्पना होय. हा वाद निर्णायकपणे मिटलेला नाही.

ज्युलियानाच्या नावातील उरलेला भाग तर आपल्या अधिकच ओळखीचा आहे. 'द कॉश्ता' म्हणजे किनाऱ्याचा, किनाऱ्याकडचा. गावाच्या नावापुढे 'कर' लावून आडनाव करण्याची आपली रीत आणि ही रीत यांत तत्त्वतः काहीच भेद नाही. एका शब्दात बाप, दुसऱ्या शब्दात ठिकाण. जगातील बहुतेक आडनावे या दोहोंपैकी एकातून किंवा धंद्यातून निघाली आहेत. बाळाजी जनार्दन भानू यांचे घराणे पदावरून फडणीस झाले, हे तर सर्वश्रुतच आहे.

दीआस हे आडनाव स्पेनमधील अतिप्रचलित आडनावांपैकी एक आहे. याचा अर्थ ते सर्व एका दिएगोचे वंशज आहेत असा नव्हे. दिएगो नावाचे असंख्य पुरुष होऊन गेले, म्हणून परस्परांशी नाते नसलेली असंख्य दीआस कुटुंबे निर्माण झाली. पुढे हे आडनाव गलबतांवर चढले. १४८८ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून हिंदुस्थानचा सागरी मार्ग मोकळा करणारा पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियश हाच होता. मेक्सिकोच्या विजयाचा वृत्तान्त लिहिणारा स्पॅनिश शिपाई बेर्नाल दीआस देल कास्तियो हाही याच आडनावाचा. जिथे आयबेरियाची सत्ता पोहोचली, तिथे ही आडनावे पोहोचली.

परंतु ती सत्तेबरोबर गेली, ती सर्वत्र रक्ताबरोबर गेली नाहीत. फिलिपिन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर जनरल क्लाव्हेरिया याने हुकूम काढला आणि आडनावांची एक वर्णानुक्रमी यादीच तयार करून ती प्रांतोप्रांती वाटली. सारावसुलीला आणि दप्तराला सोयीचे म्हणून लोकांनी त्यातून आडनावे घ्यावयाची होती! वसईत आणि गोव्यात हे कार्य कचेरीने नव्हे, तर चर्चने केले. गोवा १५१० साली आणि वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. १५८० ते १६४० या साठ वर्षांत तर पोर्तुगालचा मुकुटच स्पेनच्या राजाच्या मस्तकी होता. या काळात ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांना नवे नाव मिळाले आणि आडनाव बहुधा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे मिळाले. वसईतील कुपारी समाजाचे नावही धर्मपित्यासाठी असलेल्या 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे मानले जाते. दिएगोचा मुलगा असा अर्थ असलेले आडनाव धारण करणाऱ्या वसईच्या शेतकऱ्याच्या कुळात दिएगो नावाचा पुरुष कधीच झाला नसेल. त्याचा पूर्वज तिथलाच होता, शेत तिथलेच होते, बोली मराठीच होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता उठली. आडनावे राहिली, कारण तोवर ती परक्यांची उरलीच नव्हती.

म्हणून आडनावावरून माणसाचे मूळ ठरविण्याची घाई करू नये. कुळात एके काळी काय घडले, एवढेच आडनाव सांगते. माणूस कुठला, हे त्याची भाषा आणि त्याचे जगणे सांगते. फ्रान्सिस दिब्रिटो हे आडनाव ऐकून ज्याच्या डोळ्यांपुढे लिस्बन उभे राहील, त्याने हे ध्यानी घ्यावे की, वसईचे हे फादर २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पुण्यात जन्मलेले आणि भारतीय नागरी सेवेत वाढलेले ए. एल. डायस १९७१ पासून १९७९ पर्यंत पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. राजधानीत, जिथे देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे एकमेकांना प्रथम आडनावानेच ओळखतात, तिथे हा विवेक अधिकच आवश्यक आहे.

सराय जुलेनाच्या थांब्यावर रोज असंख्य माणसे चढतात, उतरतात. जुलेना कोण, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. पण ते नाव परदेशी आहे असेही कोणास वाटत नाही. दिल्लीने एका परक्या स्त्रीचे नाव आपल्या जिभेवर घोळवून आपलेसे केले. वसईने एक परके आडनाव तसेच आपलेसे केले. जी नावे लोकांच्या तोंडी इतकी रुळली, त्यांना परकी कोणी म्हणावे?